वॉरंटी संपली म्हणून दोष आमचा होत नाही

गेल्या वर्षी जून महिन्यात पुण्याहून मिरजेला परतत होतो. अम्मीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. हिरवी पट्टी लावून ती मागच्या सीटवर बसली होती. खंबाटकी घाटाच्या चढावर गाडीनं एकाएकी दम सोडला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं, पण चाकांना काही पोचायचं नाही. समोरच्या पडद्यावर गिअरचा आकडा गायब झाला आणि तिथं पाना दिसू लागला. मागे मालट्रकांची रांग, त्यांचे हॉर्न, वर पावसाची भुरभुर. पट्टीआडून अम्मी एकच विचारत होती, "बेटा, क्या हुआ?"

गाडी उचलून सांगलीला आणली. टोइंगचे पैसे गेले ते वेगळेच. तिसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरमधून फोन आला.

"सर, गिअरबॉक्स गेलाय. पूर्ण असेम्ब्ली बदलावी लागेल. लेबर आणि टॅक्स धरून १ लाख ८४ हजार."

"वॉरंटी?"

"सर, ती तीन वर्षांची होती. तुमची गाडी साडेचार वर्षांची आहे."

गाडी अकरा लाखांची. चाललेली ५२ हजार किलोमीटर. एकूण एक सर्व्हिसिंग त्याच कंपनीच्या अधिकृत केंद्रात केलेलं, प्रत्येक पावती फाइलला लावलेली. मी विचारलं, "पण गिअरबॉक्स गेला कशामुळे?" तो मुलगा सभ्य होता. त्यानं शांतपणे उत्तर दिलं, "सर, मेकॅनिकल पार्ट आहे, कधीही जाऊ शकतो."

या एका वाक्यासाठी हा लेख लिहितो आहे. अकरा लाख रुपये घेऊन विकलेल्या यंत्राचा सर्वांत महागडा भाग "कधीही जाऊ शकतो", हे विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर त्यानं ते शोरूममध्ये, पेढ्याचा बॉक्स हातात देऊन चावीचा फोटो काढताना का सांगितलं नाही? आणि ठाऊक नसेल, तर मग तो गेल्यावर सगळा भुर्दंड माझ्या एकट्याच्या माथी कोणत्या न्यायानं?

झीज वेगळी, खोट वेगळी

आधी माझ्या बाजूचं जे माझं आहे ते कबूल करतो. ब्रेक पॅड, टायर, वायपर, बॅटरी, क्लच प्लेट या झिजणाऱ्या वस्तू आहेत. चपलेचा तळ झिजतो तशा त्या झिजतात आणि त्यांचे पैसे मालकानंच द्यायचे. ऑइल वेळेवर बदललं नाही, कूलंट संपलेलं असताना गाडी पळवली, तर इंजिन गेल्यावर कंपनीच्या नावानं शिमगा करण्यात अर्थ नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आमच्या सांगली-मिरजेत कित्येक गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर घाईनं चावी फिरवून लोकांनी इंजिनं बसवली. तो प्रश्न मालकाचा आणि त्याच्या विमा कंपनीचा. गाडी बनवणाऱ्याचा नाही.

पण गिअरबॉक्स ही चपलेचा तळ नव्हे. तो गाडीच्या आयुष्याइतका टिकावा म्हणूनच बनवलेला असतो. १५ वर्षं जुनी, दीड-दोन लाख किलोमीटर चाललेली आणि मूळ गिअरबॉक्स कधीही न उघडलेली गाडी दाखवा म्हटलं तर कुठल्याही गावात दहा निघतील. म्हणजे हा भाग टिकतो, हे सिद्ध आहे. तो ५२ हजार किलोमीटरला गेला तर दोनच शक्यता उरतात. एक तर मी त्याचा गैरवापर केला, किंवा तो जन्मतःच कच्चा होता. कंपनीनं पहिली शक्यता माझ्यावर सिद्ध केली नाही. सिद्ध करण्याचा प्रयत्नही केला नाही, कारण तिला गरजच नव्हती. तारीख उलटली होती, बस्स.

इथंच खरी मेख आहे. वॉरंटीची तारीख सांगते की दोष *कधी दिसला*. न्यायाचा प्रश्न असतो की दोष *कधी जन्मला*. ज्या दिवशी कारखान्यात तो गिअरबॉक्स जुळवला, त्याच दिवशी त्याचा एखादा व्हॉल्व्ह किंवा सर्किट कमकुवत असेल, तर तो दोष माझ्या अंगणात जन्मलेला नाही. तो मला विकला गेला. साडेचार वर्षांनी तो फक्त उघडकीला आला.

हा मुद्दा माझा नाही, जुना आहे

इस्लामी फिकहमध्ये खरेदी-विक्रीच्या प्रकरणात 'खियार-ए-ऐब' नावाचा स्वतंत्र विषय आहे. विकत घेतलेल्या वस्तूत असा दोष निघाला की जो विक्रेत्याच्या ताब्यात असतानाच तिच्यात होता आणि घेणाऱ्याला तो सांगितला नव्हता, तर व्यवहार मोडण्याचा अधिकार घेणाऱ्याला मिळतो. ऑटोमन राजवटीत १८७६ पर्यंत तयार झालेल्या 'मजल्ला' या दिवाणी संहितेत याला 'ऐब-ए-कदीम' म्हणजे जुना दोष म्हटलं आहे. दोष कशाला म्हणायचं तेही तिथं सांगितलेलं आहे. त्या व्यापारातल्या जाणकारांच्या नजरेत ज्यामुळे वस्तूची किंमत कमी होते, तो दोष. किती साधी आणि किती नेमकी व्याख्या!

बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओला दाणा बाहेर काढणाऱ्या प्रेषितांची हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी मदरशात ऐकलेली असते. विक्रेत्यानं पावसाचं कारण सांगितलं. त्याला सवाल करण्यात आला की मग ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. पाऊस पडणं हा विक्रेत्याचा गुन्हा नव्हता. ओलं धान्य कोरड्याखाली ठेवणं हा होता.

आणखी एक तत्त्व आहे, 'अल-खराजु बिद्-दमान'. लाभ ज्याचा, जोखीम त्याची. हे तत्त्व दोन्ही बाजूंनी कापतं आणि मला ते तसंच हवं आहे. साडेचार वर्षं मी गाडी वापरली, तिचा लाभ घेतला, तर त्या वापराचा भार मी उचलला पाहिजे. पण वॉरंटी संपल्यावर कंपनीचा लाभ संपतो का? सुटे भाग तिचेच, तेही तिनं ठरवलेल्या किमतीला. सर्व्हिस सेंटर तिच्याच परवान्याचं. निदान करणारं सॉफ्टवेअर तिचंच. १ लाख ८४ हजारांच्या त्या बिलातही तिचा नफा होताच. म्हणजे कच्चा गिअरबॉक्स विकून एकदा कमाई आणि तो गेल्यावर दुसरा विकून पुन्हा कमाई. लाभ दोनदा आणि जोखीम एकदाही नाही.

माझ्या ज्या वाचकांचा या परंपरेशी संबंध नाही त्यांना एवढंच सांगतो की ही गोष्ट धर्माची नाही, बाजाराच्या साध्या इमानाची आहे. आठवडी बाजारात म्हैस विकणारा शेतकरीसुद्धा खोड लपवली तर पंचांपुढे उभा राहतो.

तीन वर्षं कुणी ठरवली?

महाराष्ट्रात नवी खासगी गाडी घेताना आपण एकरकमी रस्ताकर भरतो आणि नोंदणी १५ वर्षांची मिळते. म्हणजे सरकारच्या हिशेबानं गाडीचं आयुष्य १५ वर्षं. बँक सात वर्षांपर्यंत कर्ज देते. म्हणजे बँकेलाही खात्री आहे की सात वर्षांनंतर गाडी ही गाडीच राहील. आणि जिनं ती बनवली ती कंपनी? बहुतेकदा दोन-तीन वर्षं. गाडीवर सर्वांत कमी भरवसा कुणाचा असेल तर तो तिच्या निर्मात्याचा.

बरं, जास्त हमी देणं अशक्य आहे असंही नाही. १९९८ मध्ये ह्युंदाईला अमेरिकेत गिऱ्हाइकांचा विश्वास मिळत नव्हता, तेव्हा तिनं इंजिन-गिअरबॉक्सला १० वर्षं किंवा १ लाख मैलांची वॉरंटी जाहीर केली. आपल्याकडे विजेवरच्या गाड्या आल्या, लोक बॅटरीला घाबरले, तर अनेक कंपन्यांनी बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी दिली. २०२४ मध्ये मारुती सुझुकीनं आपली वॉरंटी २ वर्षं-४० हजार किलोमीटरवरून ३ वर्षं-१ लाख किलोमीटर केली. थोडक्यात, हमीचा काळ यंत्र किती टिकतं यावर ठरत नाही. गिऱ्हाईक किती घाबरतं आणि किती बोलतं यावर ठरतो. आपण बोलत नाही म्हणून तीन वर्षं.

बोललं की काय होतं तेही पाहा. फोक्सवॅगनच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सबद्दल चीनमध्ये तक्रारींचा पाऊस पडला, तेव्हा २०१२ मध्ये कंपनीनं तिथं त्याची वॉरंटी १० वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत वाढवली आणि २०१३ मध्ये, सरकारी दूरचित्रवाणीनं प्रकरण लावून धरल्यावर, ३ लाख ८४ हजारांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सचं प्रकरण ग्राहक आयोगानं न्यायालयात नेलं. गाडी हिसके देते म्हणून आलेल्या लोकांना, खरा बिघाड माहीत असूनही, तुमची चालवायची पद्धतच चुकीची आहे असं सांगितलं जात होतं. २०१८ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टानं १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला.

ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक कायद्यात वस्तू वाजवी काळ टिकली पाहिजे ही हमी कायदाच देतो. कंपनीची वॉरंटी संपली तरी ती हमी उभी राहते. इंग्लंडमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात टिकाऊपणा हा दर्जाचाच भाग मानला आहे आणि दाव्याची मुदत सहा वर्षं आहे. म्हणजे तिथं "वॉरंटी संपली" या उत्तरानं चर्चा संपत नाही.

आणि आपला कायदा?

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचं १६ वं कलम म्हणतं की वस्तू विक्रीयोग्य दर्जाची असावी, अशी अट काही प्रसंगी गृहीतच धरली जाते. पण त्याच कायद्याचं ६२ वं कलम करार करून ही गृहीत अट बाजूला सारायची मुभा देतं. तुमच्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात जी वॉरंटीची पुस्तिका पडून आहे ती काढून बघा. बारीक अक्षरांत कुठं तरी लिहिलेलं सापडेल की या वॉरंटीखेरीज इतर कोणतीही उघड वा गृहीत हमी नाही. आपण सही केलेली असते, वाचलेलं नसतं.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आला तेव्हा 'उत्पादन दायित्व' नावाचं नवं प्रकरण त्यात आलं म्हणून आपण खूश झालो. पण त्यात 'हानी'ची व्याख्या वाचा. सदोष वस्तूमुळे तुम्हाला इजा झाली, तुमच्या दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर ती हानी. त्या वस्तूचंच नुकसान मात्र हानीत धरलेलं नाही. म्हणजे गिअरबॉक्स निकामी होऊन गाडी घाटातून खाली घसरली आणि माझा पाय मोडला, तर त्या प्रकरणाखाली दाद मागता येते. गिअरबॉक्स नुसताच निकामी झाला तर नाही. अम्मी सुखरूप घरी आली, हीच माझ्या दाव्यातली उणीव!

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं ११०-अ हे कलम आलं आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा अधिकार सरकारला मिळाला. तोही जिवाला किंवा पर्यावरणाला धोका असेल तरच. खिशाला असलेला धोका त्यात बसत नाही.

उरतो तो ग्राहक आयोगापुढे वस्तूतल्या 'दोषा'चा साधा दावा. तिथं दार बंद नाही, पण उंबरठा उंच आहे. दोष सिद्ध करायचा म्हणजे तज्ज्ञाचा अहवाल लागतो. प्रयोगशाळेत तपासणीला पाठवायचं तर त्याची फी तक्रारदाराकडून भरून घेतली जाऊ शकते. ज्याची गाडी बंद, ज्याचा हप्ता चालू, त्यानंच तज्ज्ञ शोधायचा, त्यानंच पैसे भरायचे आणि समोर कंपनीच्या वकिलांची फौज. शिवाय न्यायालयं वॉरंटीचे शब्द काटेकोर वाचतात. मारुती उद्योगच्या एका खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हमी सुटा भाग बदलून देण्याची असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. कायद्याच्या भाषेत ते बरोबरच असेल. पण मग ते शब्द लिहिणारा कोण, हा प्रश्न राहतोच.

"बाहेर काम केलं का?"

माझ्या गल्लीतला एक तरुण टुरिस्ट गाडी चालवतो. स्वतःच गाडीचा मालक, स्वतःच ड्रायव्हर. मिरज-मुंबई, मिरज-हैदराबाद अशा फेऱ्या. वर्षांची वॉरंटी त्याच्या काही कामाची नाही, कारण किलोमीटरची मर्यादा तो दीड वर्षातच ओलांडतो. त्याच्या गाडीचं इंजिन गेलं तेव्हा सर्व्हिस सेंटरवाल्यानं पहिला प्रश्न विचारला, "ऑइल बाहेर बदललं होतं का?" एकदा बदललं होतं, प्रवासात, नाइलाजानं. संपलं. फाइल बंद. त्याची गाडी चार महिने अंगणात उभी होती, बँकेचा हप्ता मात्र एकही महिना उभा राहिला नाही. बायकोच्या बांगड्या गेल्या तेव्हा कुठं इंजिन आलं.

'बाहेर' म्हणजे कुठं, हे आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको. मिरज असो, मालेगाव असो की भिवंडी, गॅरेजच्या धंद्यात आपली किती पोरं आहेत ते आपण जाणतो. दहावीत शाळा सुटलेला मुलगा उस्तादाच्या हाताखाली पाने द्यायला लागतो आणि दहा वर्षांत आवाजावरून इंजिनाचा आजार सांगतो. कंपनीच्या लेखी मात्र त्याचा हात लागला की गाडी बाटते.

याबद्दल देशातल्या एका मोठ्या संस्थेनं स्पष्ट निर्णय दिलेला आहे, तो पाठ करून ठेवा. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. आरोप काय होता? सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं, माहिती या कंपन्या बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत आणि गिऱ्हाइकाला आपल्याच दारात बांधून ठेवतात. आयोगानं हेही बजावलं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या अपिलात गेल्या, दंडाच्या रकमांवर वाद झाले. पण हे तत्त्व रास्त आहे आणि दहा वर्षांनंतरही काउंटरवरचा माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो.

माझ्या गाडीचं पुढं काय झालं ते सांगतो. आमच्या गॅरेजवाल्या चाचांनी मला कोल्हापूरला फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम करणाऱ्या एका माणसाकडे पाठवलं. त्यानं गिअरबॉक्स शाबूत असल्याचं सांगितलं, बिघाड त्याच्या कंट्रोल युनिटमध्ये होता. ४१ हजारांत काम झालं. वर्ष होत आलं, गाडी चालते आहे. १ लाख ८४ हजार आणि ४१ हजार यांतलं अंतर म्हणजे नेमकं काय, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

गुडविल नको, हिशेब हवा

मी कंपनीला तीन ई-मेल लिहिल्या. तिसरीला उत्तर आलं. 'विशेष बाब म्हणून' आणि 'गुडविल' म्हणून मजुरीत २० टक्के सूट. त्याच मॉडेलच्या पुण्यातल्या एका ओळखीच्या माणसाला गिअरबॉक्सच्या किमतीत निम्मी सूट मिळाली होती. त्याचा दोष माझ्यापेक्षा मोठा नव्हता, सोशल मीडियावर त्याला बघणारे लोक माझ्यापेक्षा जास्त होते.

हे गुडविल म्हणजे खैरात आहे. कुणाला द्यायची, किती द्यायची, हे देणारा ठरवतो आणि घेणाऱ्यानं शुक्रिया म्हणायचं. इंग्रजीत ई-मेल लिहू शकणाऱ्याला थोडी मिळते, आरडाओरडा करू शकणाऱ्याला जास्त मिळते, टुरिस्ट गाडी चालवणाऱ्या पोराला काहीच मिळत नाही. मला खैरात नको आहे. मला हिशेब हवा आहे.

हिशेब अवघड नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि त्यांची कंट्रोल युनिटं यांचं किमान आयुष्य १० वर्षं किंवा दीड लाख किलोमीटर धरा. वॉरंटीनंतर आणि त्या आयुष्याच्या आत यातलं काही निकामी झालं आणि मालकाचा हलगर्जीपणा दिसला नाही, तर जेवढं आयुष्य वापरून झालं तेवढा हिस्सा मालकाचा, उरलेला कंपनीचा. वर्षं आणि किलोमीटर यांत ज्याचं प्रमाण जास्त येईल ते धरा, कंपनीच्याच सोयीनं. माझी गाडी साडेचार वर्षांची, म्हणजे ४५ टक्के. १ लाख ८४ हजारांत माझा हिस्सा ८२ हजार ८००, कंपनीचा १ लाख १ हजार २००. नऊ वर्षांची गाडी असती तर ९० टक्के मीच दिले असते आणि कुरकुर केली नसती. आणि हलगर्जीपणा झाला हे कंपनीनं सिद्ध करायचं, झाला नाही हे मी नव्हे. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाडाचे कोड साठतात. ते वाचायचं यंत्र कंपनीकडे आहे. ज्याच्याकडे पुरावा त्याच्यावर भार.

यावर तीन आक्षेप नेहमी येतात. पहिला, "एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची होती." म्हणजे तुम्ही नीट बनवलं नसेल तर, या भीतीचे पैसेही मीच तुम्हाला आगाऊ द्यायचे? झिजणाऱ्या भागांसाठी ती योजना खुशाल विका. जन्मजात खोटीचा विमा गिऱ्हाइकाच्या खर्चानं नको. दुसरा, "मग गाड्या महाग होतील." होतील थोड्या. आज हजारात ज्या एकाचा गिअरबॉक्स जातो तो एकटा दोन लाख भरतो. उद्या हजार जण प्रत्येकी दोनशे भरतील. मला ते जास्त न्यायाचं वाटतं. आणि ज्या कंपनीचं यंत्र चांगलं, तिचा खर्च आपोआप कमी. तिसरा, "लोक गाड्या वाट्टेल तशा चालवतात." चालवतात. त्यांची प्रकरणं नाकारा, कारण लिहून द्या, पुरावा दाखवा. पण दहा बेफिकिरांच्या नावावर नव्वद नेकीनं वागणाऱ्यांना दंड नको.

बोट आपल्याकडेही

हे सगळं लिहिताना मनाला एक गोष्ट टोचत राहते, ती न लिहिणं बेइमानी होईल. जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत आपली माणसं भरपूर आहेत. त्यातले काही मीटर मागे फिरवतात. पुरात बुडालेली गाडी धुऊन, सीट कव्हर बदलून लांबच्या गावात विकतात. गिअरबॉक्सचा आवाज दोन आठवडे दबेल असं काही तरी ऑइलमध्ये टाकतात आणि जुम्याच्या नमाजला पहिल्या सफेत उभे राहतात. धान्याच्या राशीची हदीस मोठ्या कंपनीलाच लागू आहे, आपल्या यार्डाला नाही, असं समजायचं कारण नाही. "जशी आहे तशी, बघून घ्या" असं म्हटलं म्हणजे जबाबदारी संपली, हेच तर ती कंपनीही म्हणते आहे. आपण तोंडानं म्हणतो, ती छापून म्हणते.

गिऱ्हाईक म्हणून आपलेही काही दोष आहेत. पावत्या फेकून देतो. वॉरंटीत असताना गाडीनं एखादा हिसका दिला तर "चालतंय की" म्हणून सोडून देतो. माझी गाडी तिसऱ्या वर्षीच कधीकधी पहिल्या गिअरला अडखळायची. मी सर्व्हिसिंगच्या वेळी तोंडी सांगितलं, त्यांनी "सॉफ्टवेअर अपडेट केलं सर" म्हटलं, मी मान डोलावली. जॉब कार्डवर ती तक्रार लिहून घेतली असती तर आज माझ्या हातात वॉरंटीच्या काळातला पुरावा असता.

म्हणून हात जोडून सांगतो. प्रत्येक छोटी तक्रार जॉब कार्डवर लिहून घ्या, त्याची प्रत मागा. बाहेर ऑइल बदललं तर ऑइलच्या पावतीसह बिल घ्या. आमच्या गॅरेजवाल्या भावांनीही पक्कं बिल द्यायची सवय लावावी, त्यातच त्यांची इज्जत आहे. मोठा भाग बदलायला सांगितला तर कारण लेखी मागा, बिघाडाचे कोड छापून मागा, जुना भाग परत मागा. दुसरीकडे दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाखांपर्यंतच्या वस्तूंची तक्रार करता येते, ऑनलाइनही करता येते. दहा ते वीस लाखांच्या गाडीसाठी तिथली फी फक्त ४०० रुपये आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं, एवढं लक्षात ठेवा. वकील लागतोच असं नाही.

मी ते ४०० रुपये भरले आहेत. मागणी १ लाख ८४ हजारांची नाही, कारण तेवढे माझे गेलेच नाहीत. गेले ते ४१ हजार आणि टोइंगचे पैसे. त्यातले ४५ टक्के मी माझे म्हणून आधीच वजा केले आहेत. उरलेले कंपनीचे आहेत, ते तिनं द्यावेत, एवढंच अर्जात लिहिलं आहे. रक्कम पाहून तिथला कारकून म्हणाला, "एवढ्यासाठी कशाला खेटे घालता?" अम्मीही तेच म्हणते. दोघांना माझं एकच उत्तर आहे. रक्कम छोटी आहे म्हणूनच. ती छोटी आहे म्हणून आपण सगळे गप्प बसतो आणि आपल्या गप्प बसण्याचाच धंदा होतो.